सईच्या वाट्याच्या फोनवर मीच बोलत बसले

मंडळी, दुपारपासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितेय.

माझ्या लेकीची, सईची, जिवलग मैत्रीण हरलीन यंदा डेहराडूनच्या निवासी शाळेत गेली. तिथून फक्त रविवारी थोडी मिनिटं फोन करता येतो. आपल्याला उलटा लावता येत नाही. हरलीन आधी घरी बोलते आणि उरलेला वेळ सईला देते, माझ्या मोबाईलवर.

गेल्या रविवारी ती नव्या मैत्रिणींबद्दलच बोलली, म्हणून सई रुसलेली. आज फोन वाजला तर म्हणाली, "तूच घे. मला नाही बोलायचं."

हरलीनला वाईट वाटू नये म्हणून मी घेतला. "खाना ठीक मिलता है, बेटा?"

"आंटी, आपकी आमटी याद आती है।"

मी विरघळलेच. सईचे बाबा गेल्यापासून आमच्या फरीदाबादच्या घरात जेवताना कोणी हसलं, तर ते हरलीनमुळे. मी विचारत गेले, ती सांगत गेली.

शेवटी तीच म्हणाली, "आंटी, सई को दो ना।"

वळून पाहिलं, तर सई हात पुढे करून मागेच उभी होती. मोबाईल तिच्या हातात जाईपर्यंत वेळ संपून फोन बंद झाला.

"मैत्रीण माझी आहे की तुझी?" एवढंच म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं.

हरलीनची आठवण मलाही येत होती, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी मोबाईल सईजवळ ठेवून मी बाल्कनीत जाणार आहे. पण तिने उचललाच नाही, तर नुसता वाजू द्यायचा का? तुम्ही काय कराल?