एका दुपारचे तीन वाढदिवस

"मावशी, आज सोफ्यावर बसलात तरी चालेल," वहिनी म्हणाल्या.

मी बसायच्या आधी त्यांनी सोफ्यावर जुनी चादर टाकली. साहेबांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. "चादर दिसतेय. काढ." चादर निघाली. मी बसले. टेकून नाही, कडेला. समोरच्या खुर्चीतून काकू, म्हणजे साहेबांच्या आई, म्हणाल्या, "म्हणजे आता कव्हरं धुवायला टाकायची."

कव्हरं मीच धुणार होते.

शनिवार पेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथे मी सात वर्षं कामाला होते. स्वयंपाक, काकूंची औषधं, बाळाची आंघोळ. किराणा मी आणायचे, गॅसचा नंबर मी लावायचे, लाइटबिलाची तारीख मी लक्षात ठेवायचे. साहेब आणि वहिनी दोघंही हिंजवडीला, कंपनीच्या बसने जायचे. घर माझ्या भरवशावर चालायचं. पहिल्या दिवशी मला आडनाव विचारलं होतं. जात कुणी विचारली नाही. पुण्यात आडनाव पुरतं. त्या दिवसापासून माझा कप आणि ताटली सिंकखाली, वेगळी.

मग साहेबांची परदेशात बदली झाली. देशाचं नाव लिहीत नाही. असे नियम एकाच देशात आहेत असं नाही. साहेबांना कामाचं तात्पुरतं परमिट. त्यांच्यामागे वहिनींना परमिट, नोकरी करायच्या मुभेसकट. बाळालाही. घरकामाची बाई बरोबर नेता येते, तिलाही परमिट मिळतं. फक्त ती आधीपासून त्यांच्याकडे कामाला आहे, हे दाखवावं लागतं. आणि त्या बाईच्या मागे कुणालाच परमिट नाही.

माझ्यामागे रेश्मा होती. माझी मुलगी, बारावीला. तिचे वडील ती पाचवीत असताना गेले.

मी हो म्हटलं होतं. दोन वर्षांचा प्रश्न होता. रेश्माला नर्सिंगला घालायचं होतं. माझी बहीण तिला ठेवून घ्यायला तयार होती. पासपोर्टची धावपळ साहेबांनी केली. तो आला त्याच दिवशी ते म्हणाले, "द्या इकडे, प्रोसेसला लागतो." पासपोर्ट त्यांच्या कपाटात गेला.

पुरावा द्यायची वेळ आली तेव्हा कळलं की पुरावाच नाही. पगार हातात. पत्र कसलंच नाही. दोघं फोटो शोधायला बसले. मोबाइल, लॅपटॉप, सगळं उघडलं. वाढदिवस, गणपती, दिवाळी, पाहुणे. मी कुठेच नव्हते. त्या प्रत्येक दिवशी मी त्या घरात होते. पुऱ्या तळत होते. शेवटी एका फोटोत माझा हात सापडला. कोपऱ्यात, ताटाखाली. बांगड्यांवरून वहिनींनी ओळखला.

"हात चालेल का?" त्यांनी विचारलं.

"हाताला परमिट देतात का?" साहेब म्हणाले. दोघं हसले. मीही हसले.

म्हणून तो रविवार. बाळाचे मागच्या तीन वर्षांचे वाढदिवस एका दुपारी उरकायचे ठरले. प्रिंट काढली की तारीख दिसत नाही, असं साहेबांचं म्हणणं. केक एकच, दर वेळी न कापलेली बाजू पुढे. साड्या बदलायच्या, उशांचे अभ्रे बदलायचे, कॅलेंडर उतरवून ठेवायचं. ही तयारी मीच केली. बाळाला केकसमोर बसवलं, तेव्हा मीच म्हटलं, "साहेब, हा तिन्ही वर्षी पाच वर्षांचाच दिसेल."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग ठरलं, वाढदिवस काकूंचा. म्हाताऱ्या माणसाचं वय फोटोत कळत नाही.

"माझा वाढदिवस आजवर एकदा तरी केलात?" काकू म्हणाल्या. "आणि आज एकदम तीन. आता पुढची तीन वर्षं नका विचारू."

केक त्यांनी मला भरवायचा होता. त्यांनी चमचा घेतला.

"आई, हाताने," वहिनी म्हणाल्या. "चमच्याने परकं वाटतं."

काकूंनी सुनेकडे एकदा पाहिलं. दोन बोटांत तुकडा उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला. बोटं माझ्या ओठाला लागली. याच बाईंचे पाय मी रोज चेपायचे, केस विंचरायचे. माझे हात त्यांना चालायचे. माझं तोंड नाही.

"झाला," साहेब म्हणाले.

काकू उठून बेसिनशी गेल्या. नळ सुटला. साबण लावून, नखांपर्यंत. मग दुसरी साडी, दुसरा वाढदिवस. नळ. तिसरा. नळ.

"आजी, सारखे हात का धुतेस?" बाळाने विचारलं.

"केक चिकट असतो रे."

माझ्या तोंडात केक होता.

चहा झाल्यावर तालीम सुरू झाली. एक दिवस सोडून व्हिसा केंद्रात माझी मुलाखत होती. वहिनी अधिकारी झाल्या.

"पासपोर्ट कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे." असं शिकवलं होतं.

"एकट्या बाहेर जाता?"

"जाते."

"छान. पण मावशी, गैरसमज नको हं. हे फक्त त्यांना सांगायचं. तिकडे तुम्हाला एकटीला कुठे सोडणार? भाषा नाही, काही नाही."

"आणि काम नाही जमलं तर? दुसऱ्या घरी करता येतं?" मी विचारलं.

साहेब फोटो बघत होते. मान वर न करता म्हणाले, "परमिट आमच्या नावाला बांधलेलं असतं. आमचं घर सोडलं की तुम्ही तिथे बेकायदा. पोलीस उचलतात."

"मग मी परत येईन."

"पासपोर्ट आमच्याकडे असणार ना. आणू की आम्ही परत. आमचं तिकडचं आटपलं की."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. दूधवाला उद्या येणार नाही हे सांगावं, तसे ते सांगत होते. मला त्याचीच भीती वाटली. या फ्लॅटच्या दाराचं लॅच मी उभी राहून बसवून घेतलं होतं. तिकडच्या दाराचं लॅच कोणाच्या हातात असेल?

"मुलीचं विचारतील का?" मी विचारलं.

आता साहेबांनी मान वर केली. "विचारू देत. तुम्ही आवर्जून सांगा. मागे तरुण मुलगी आहे म्हटलं की त्यांना खात्री पटते, ही बाई तिकडे पळून जाणार नाही. परमिट पटकन होतं. खरं सांगू? तुमची रेश्मा हाच आपला सगळ्यात भक्कम पुरावा."

आपला.

फोटोत मी नव्हते, पत्रात नव्हते. माझी मुलगी मात्र बरोबर त्यांच्या लक्षात होती. तिला परमिट नाही. ती तारण. सावकाराकडे भांडं ठेवतात तसं माझं पोर मी गहाण ठेवायचं, आणि मुलाखतीत हसून सांगायचं.

मी उठले.

"साहेब, पासपोर्ट द्या."

"केंद्रात मी आणतोच की."

"मी नेईन."

"हरवाल, मावशी."

"तुमच्या घराच्या किल्ल्या इतकी वर्षं माझ्याकडे आहेत."

वहिनी हसल्या. "अहो, एवढं काय मनावर घेता? तुम्ही घरच्याच ना?"

"मग तुमचा पासपोर्ट माझ्या घरी ठेवा."

त्यांचं हसू गेलं. साहेब उभे राहिले, आणि मावशीची मी 'तू' झाले.

"हे बघ. त्या कपाटात दागिने आहेत. उद्या त्यातलं काही कमी निघालं, तर चौकीत कुणाचं खरं धरतील, याचा विचार कर."

कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं. तिथली धूळ रोज मीच पुसायचे. मी हात लावला नाही. ज्याने घेतला, त्याने द्यायचा.

"बोलवा पोलीस," मी म्हटलं. "मी इथेच उभी आहे."

मी पदर कमरेला खोचला.

बाळ रडायला लागलं. माझ्याकडे हात केले. मी घेतलं नाही. ते मला आजही लागतं. पण घेतलं असतं, तर मी पुन्हा त्या घरची झाले असते.

शेवटी काकू बोलल्या. "देऊन टाक रे. दिवेलागणीला दारात तमाशा नको. बायका काय, ढिगाने मिळतात."

साहेबांनी पासपोर्ट आणला आणि माझ्या पायांपुढे फरशीवर टाकला. मी वाकले आणि उचलला. त्या घरात वाकले ती शेवटची.

त्या इमारतीत मला पुन्हा काम मिळालं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव गेलं होतं. 'लक्ष ठेवा', एवढंच लिहिलं होतं. शेजारच्या इमारतींचीही दारं बंद झाली. आता मी डबे करते. रेश्माचं नर्सिंग यंदा हुकलं. आई, बरोबर केलंस, असं ती अजून म्हणालेली नाही.

काल मंडईत मागून ओळखीची हाक आली. बाळ होतं, एका नव्या बाईच्या बोटाला धरून. बाई वेल्ह्याकडची, पंचविशीची, नाव सुरेखा. माझ्या जागी आलेली. कामाला लागून तिला महिना झालाय. कागदावर किती वर्षं झालीत, ते साहेबांना माहीत.

"पुढच्या महिन्यात जानार हाय आमी," ती हरखून म्हणाली. "माजं पोरगं आईपाशी ठिवलंय. दोन वर्साचं हाय."

"पासपोर्ट कुठे आहे तुझा?"

"सायबांकडं. कुलपात ठिवलाय त्यांनी. आपल्याकडनं हरवायचा."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तिला बाजूला घेतलं. परमिट कुणाच्या नावाला बांधलेलं असतं, ते सांगितलं. घर सोडलं की काय होतं, ते. तिचं दोन वर्षांचं पोर मुलाखतीत कशासाठी पुढे करायला लावतील, ते. तिचा चेहरा उतरत गेला.

"पन मला जायाचंच हाय, ताई. जाऊ नको म्हनू नका."

"जा ना. पण पासपोर्ट तुझ्या पिशवीत हवा. आधी तो माग."

"आन् न्हाई दिला तर?"

उद्या सकाळी, साहेब बसला निघायच्या आत, आम्ही दोघी त्यांच्या दारात असू. बेल मी वाजवणार. मागायचं तिने, तिच्या तोंडाने. ते चोरीचं नाव काढतील, चौकीचं काढतील. काढू देत. चौकी चार पावलांवर आहे, मीच त्यांना घेऊन जाईन. पासपोर्ट तिच्या हातात पडेपर्यंत मी त्या दारातून हलणार नाही. सुरेखानंतर तिसरी आणली, तर तिच्याबरोबरही मी जाईन.