जळालेली कॉइल

ती जुनी मोटार आणि तिची अडकलेली डिकी मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला काही वर्षं झाली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे कागद डोक्यातून पुसले गेले, पण चोरीची ही एक साधी फिर्याद मधूनच आठवते आणि स्वतःचाच राग येतो. त्या वेळी मी महाडला निरीक्षक होतो. यातलं कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. लिहिण्यासारखा दोष फक्त माझाच होता.

डिसेंबरातली सकाळ होती. हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत होतो. तेवढ्यात साठीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आत आले. मुंबईचे, जुन्या गाड्यांचे शौकीन. बाहेर त्यांची पन्नासेक वर्षांची परदेशी मोटार उभी होती आणि तिच्याभोवती अर्धं महाड गोळा झालं होतं. त्यांच्या आईचे दागिने असलेली चामड्याची लहान पिशवी डिकीतून गेली होती. पुतणीच्या लग्नात ते दागिने तिच्या अंगावर घालायचे होते.

हकिगत अशी होती. पहाटे महाबळेश्वरहून निघताना त्यांनी पिशवी स्वतःच्या हाताने, सर्वांत शेवटी, डिकीच्या काठाशी ठेवली. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला चहाला थांबले. बाईंना औषध हवं होतं म्हणून डिकी उघडायला गेले, तर उघडेना. त्या गाडीची डिकी बटण दाबून विजेवर उघडते. किल्लीचं भोक आधीच्या मालकाने रंग देताना बुजवून टाकलेलं. पोलादपूरच्या चहावाल्याने त्यांना महाडचा पत्ता दिला. हायवेला एक वायरिंगवाला आहे, जुन्या गाड्यांचं काम तोच करतो.

वायरिंगवाल्याने मागची सीट काढली, आतून हात घालून तारेच्या आकड्याने कुलपाचा दांडा ओढला आणि डिकी उघडली. नवरा-बायको तेवढा वेळ समोरच्या हॉटेलात बसले होते. परत येऊन पाहतात तर सूटकेस जागेवर, पिशवी नाही.

"घाटात गाडी सोडून कुठं गेला होतात?" मी विचारलं.

"एक मिनिट नाही. पोलादपूरलासुद्धा गाडीला टेकूनच चहा घेतला. डिकी बंद होती साहेब. तिला हात लागला तो फक्त त्याचा."

यापेक्षा सरळ प्रकरण काय असणार? बंद पेटी, एक माणूस, वीस मिनिटं. फिर्याद नोंदवली, दुकानात जाऊन पंचनामा केला, गाडी ठाण्याच्या आवारात लावली आणि वायरिंगवाल्याला चौकशीला बोलावलं.

चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. पोलादपूरच्या बाजूला बौद्धवाडीत घर. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो 'कुठल्या वाडीचा रे?' असा. गाडीवाल्यांना मी खुर्ची दिली होती आणि 'आपण' म्हणालो होतो. तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. आज लिहिताना वाटतं.

"पिशवी कुठं आहे?"

"मी उघडली तवा पिशवी नव्हतीच साहेब."

"मग गेली कुठं?"

"ते मला म्हाईत नाय. पण एक सांगतो. डिकी अडकली नव्हती, कॉइल जळली हाय. बटण दाबलं की कॉइलीत करंट जातो, ती दांडा खेचते, डिकी उघडते. क्षणाचं काम. ही कॉइल क्षणात जळलेली नाय. कितीतरी वेळ तिच्यात करंट चालू ऱ्हायला हाय. तो आला कुठून, ते आधी शोधाया पायजे."

तो हे सगळं न अडखळता, माझ्या डोळ्यांत बघून बोलला. तीस वर्षांच्या नोकरीत माझा एक आडाखा ठरलेला होता. खरं बोलणारा गडबडतो, पाठ करून आलेला सरळ बोलतो. हा माणूस सरळ बोलत होता. मी त्याला पिशवीबद्दल विचारतोय आणि हा मला विजेचा धडा देतोय, म्हणजे विषय बदलतोय, असं मी मनात लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. महाडजवळच्या वीर रेल्वे स्टेशनला रिक्षा लावणारा आमचा एक खबरी होता. त्याचा फोन. "साहेब, तुमचा तो वायरिंगवाला काल सांजच्याला माझ्या बाजूच्या रिक्षानं स्टेशनला आला होता. मुंबईच्या गाडीत एकाला पुडकं दिलं. पेपरात बांधलेलं, वर सुतळी. आणि लगेच परत फिरला."

मला हवं होतं ते मिळालं होतं. वायरिंगवाल्याला पुन्हा बोलावलं. पुडक्याचं विचारलं तर म्हणाला, "मेव्हण्याकडं कॉइल दिली. मुंबईत जुन्या मालाच्या बाजारात तसलीच बघ म्हणून. गाडीवाल्यांना शब्द दिला होता."

"तुझ्यावर फिर्याद झाली, आणि तू त्यांच्या गाडीचा भाग शोधायला माणूस पाठवलास?"

"काम हातात घेतलंय ना साहेब."

यावर मी हसलो. माझा हवालदार, जो स्वतः पोलादपूरकडचा होता, तो मात्र हसला नाही. मेव्हण्याला फोन करून परत बोलावलं. तो तिसऱ्या दिवशी आला. मुंबईत राहून हिंदी जिभेवर बसलेली. "साहेब, मेरेको जे दिलं ते हेच. बाजारात चार गल्ल्या फिरलो, तवा याचा जोड मिळाला." त्याने टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक काळीठिक्कर, जळक्या वासाची. दुसरी तशीच, पण चांगली. पिशवी नाही, दागिने नाहीत. शहाणा माणूस असता तर तिथे थांबला असता. मी काय म्हणालो? पुडकं बदललं. दोन्ही कॉइली मुद्देमालात जमा केल्या आणि मेव्हण्याचाही जबाब घेतला.

त्याच दुपारी वाडीतली दोन वयस्कर माणसं ठाण्यात आली. वायरिंगवाला बाकावर बसला होता. आलेल्या दोघांतले एक निवृत्त शिक्षक होते. ते वायरिंगवाल्याजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "विहाराची किल्ली दे." त्याने खिशातून जुडगा काढला, एक किल्ली सोडवली आणि दिली. ते दोघे किल्ली घेऊन लगेच निघाले. ते गेल्यावर तो कितीतरी वेळ उरलेल्या किल्ल्यांकडे बघत बसला.

"त्यांनाही तुझा भरवसा राहिला नाही वाटतं," मी म्हणालो.

तीन दिवस न हललेला तो माणूस तेव्हा हलला. "बारा वर्सं ती किल्ली माझ्याकडं होती साहेब. दागिन्यांचं तुम्ही काय ठरवाल ते ठरवा. पण ती गेली म्हंजे माझं नाव गेलं." मग त्याने हात जोडले नाहीत, रडला नाही. एवढंच म्हणाला, "मला एकदा ती कॉइल बसवू द्या. तुमच्यासमोर, पंचांसमोर. नवी बसवली आणि तीपण जळली तर काय झालंय ते दिसंल तरी."

खरं सांगायचं तर त्याच्यावर विश्वास बसला म्हणून मी हो म्हटलं नाही. वरून दोन फोन येऊन गेले होते, गाडीवाल्यांना गाडी घेऊन जायची होती आणि डिकी दोरीने बांधलेली होती. म्हटलं, होऊन जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी आवारात सगळे जमले. गाडीवाले, त्यांची पत्नी, दोन पंच, आम्ही. वायरिंगवाल्याने कॉइल बसवली, डिकी दाबून बंद केली, गाडीतल्या बटणाने उघडून दाखवली. पुन्हा बंद केली. "आता गाडी चालू करा," तो हवालदाराला म्हणाला. हवालदार स्टिअरिंगवर बसला, सवयीप्रमाणे ब्रेकवर पाय ठेवला आणि किल्ली फिरवली.

खाटकन डिकी उघडली.

"बटण कुणी दाबलं?" वायरिंगवाल्याने विचारलं.

"कुणी नाय," हवालदार म्हणाला. "माझे दोनी हात हे बघा."

"पाय काढा. आता परत ब्रेक दाबा." त्याने डिकी लावली. हवालदाराने ब्रेक दाबला. डिकी पुन्हा उघडली.

वायरिंगवाला डिकीच्या बिजागरीपाशी वाकला आणि वायरींचा एक जुडगा ओढून मला दाखवला. पन्नास वर्षं डिकी उघडबंद होऊन त्यांचं वरचं आवरण घासलं गेलं होतं. ब्रेकच्या दिव्याची उघडी वायर घाटातल्या हादऱ्यांनी कॉइलीच्या वायरीला चिकटली होती. "ब्रेक दाबला की डिकी उघडणार. पाय तसाच ठेवला तर कॉइल जळणार. जळली की मग दणक्यानं बंद झालेली डिकी बटणानं उघडायची नाय. पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय साहेब."

खरंच पहिल्या दिवसापासून सांगत होता. माझ्या हाताखालच्या जबाबात ते लिहिलेलंही होतं, माझ्याच सहीनिशी.

मी गाडीवाल्यांकडे वळलो. "घाटात ब्रेकवर पाय ठेवून बराच वेळ कुठं थांबला होतात?"

ते बायकोकडे वळले. बाईच बोलल्या. "ते एसटीचं वळण. धुकं होतं, समोरून बस आली. यांनी गाडी मागे घेतली आणि उभी करून ठेवली, बस जाईपर्यंत."

"हो," गृहस्थ म्हणाले. "मागच्या काचेवर दव होतं, काही दिसत नव्हतं. कंडक्टर काहीतरी ओरडत होता. मला वाटलं शिव्या देतोय, म्हणून मी काच वर केली आणि गचका देऊन गाडी काढली."

त्या गचक्यात डिकी आपटून बंद झाली होती, पण काठाशी ठेवलेली पिशवी त्याआधीच बाहेर पडली असणार. आम्ही लगेच निघालो. पोलादपूर सोडून घाट चढायला लागल्यावर बाईंनी दाखवलेल्या आडव्या वळणाखाली चार घरांची धनगरवाडी आहे. वळणावर काहीच नव्हतं. हवालदार खाली उतरला आणि एका अंगणात शेळ्यांना पाला टाकणाऱ्या म्हातारीला त्याने हाक मारली. तिने आमच्या गणवेशाकडे पाहिलं, मग गाडीवाल्यांकडे.

"जुनी गाडी तुमचीच का रं?"

"माझीच."

ती आत गेली आणि आढ्याला टांगलेली पिशवी घेऊन आली. करवंदीच्या जाळीत तिला ती सापडली होती. चेनसुद्धा उघडलेली नव्हती. "येष्टीच्या कंडक्टरला सांगून ठेवलंय, गाडीवाला गावला तर धाड म्हून. चार दीस वाट बघतेय."

"आजी, पोलिसांत का नाही दिलीत?" मी विचारलं.

"दिली आसती तर तुमी मलाच इचारलं आसतं, बाकीचं कुठं हाय म्हून."

हवालदाराने मान दुसरीकडे वळवली. मी पंचनाम्याचे कागद चाळायला लागलो. त्यात चाळण्यासारखं काही नव्हतं.

दागिने सगळे होते. गाडीवाल्यांनी ठाण्यात परत येऊन वायरिंगवाल्याचे हात धरले, माफी मागितली. तो 'असू द्या' म्हणाला आणि त्याने वायरी बदलून दिल्या. जातानाही त्याचा चेहरा उतरलेलाच होता. "घरी सोडू का?" मी विचारलं. तो म्हणाला, "सोडा. पण विहाराकडनं नको साहेब. कालपासून तिकडं गेलो नाय. कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी विहाराकडूनच गेलो. जीप वाडीच्या खालीच उभी केली, कारण जीपमधून उतरणारा माणूस कसा दिसतो ते मला आता कळत होतं. आम्ही दोघे चालत वर गेलो. संध्याकाळच्या वंदनेला माणसं जमत होती. ते निवृत्त शिक्षक बाहेर उभे होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गुरुजी, हा माणूस निर्दोष आहे. चूक माझी होती. तुमचा याच्यावरचा संशय माझ्यामुळे झाला, तो काढून टाका. किल्ली याला परत द्या."

गुरुजींनी माझ्याकडे नवल करून पाहिलं.

"संशय? कुणाचा संशय? अहो साहेब, तुम्ही त्याला दिवसभर बसवून ठेवलं होतं. संध्याकाळी विहार उघडायचा कुणी? म्हणून किल्ली आणली." ते वायरिंगवाल्याला म्हणाले, "आणि तू रे? काल आला का नाहीस? किल्ली तिथे खिळ्याला टांगलीय तुझ्यासाठी."

ते दोघे ठाण्यात आले तेव्हा मी तीन हातांवर बसलो होतो. किल्ली कशाला हवी, एवढं एक वाक्य मी विचारलं असतं तर उत्तर तिथेच मिळालं असतं. मी न विचारताच उत्तर ठरवलं, ते त्याला ऐकवलं आणि त्यानेही ते खरं मानलं. स्वतःच्या माणसांवरचा त्याचा विश्वास मी दोन दिवस काढून घेतला होता. याला कुठलं कलम लागत नाही. पुढच्या नोकरीत मी माणसाच्या बोलण्याचा आडाखा बांधणं सोडलं असं म्हणणार नाही, सवय जात नाही. पण जबाब संपला की कागद बंद करण्याआधी मी तो एकदा मोठ्याने वाचायला लागलो आणि समोरच्याने सांगितलेली कुठली गोष्ट आपण तपासलीच नाही, ते शोधायला लागलो. बहुतेक वेळा एखादी सापडायची.

वायरिंगवाला खिळ्यापाशी गेला. किल्ली काढून त्याने जुडग्यात अडकवली, पुन्हा एकदा चाचपली आणि दार उघडलं. मी पायरीखाली उभा होतो. तो वळून म्हणाला, "या ना साहेब, आत या."

मी बूट काढायला पायरीवर बसलो. नाडी सोडायला मुद्दाम वेळ लावला, कारण डोळे पुसायचे होते आणि ते कुणाला दिसायला नको होते.