तीन तारा आणि एक कपाळ

पडदा वर जातो. मंचावर एक कॉम्प्युटर, तीन मोडेम आणि टेबलाखाली डोकं घालून वायरी जोडणारा एक म्हातारा. प्रेक्षकांना दिसते ती फक्त त्याची पाठ, पण प्रमुख भूमिका मिळाल्याचा तोरा त्या पाठीवरही लपत नाही.

यांना सगळे भालदार म्हणत. उभ्या आयुष्यात नाटकातल्या राजाच्या दारात भाला धरून उभं राहणं, एवढंच त्यांचं काम. "जाहिरातीत माझं नाव कायम असायचं," ते सांगत, "आणि इतर."

परदेशी असलेल्या लेकीची आज सुटका व्हायची होती. जावई बाळाचा फोटो मेलवर पाठवणार होते. घरच्या एका लाइनवर तो उतरायला संध्याकाळ झाली असती. तीन फोन लाइन एकत्र जोडल्या की वेग वाढतो, असं भालदारांनी मासिकात वाचलेलं. म्हणून शेजारच्या वहिनींची वायर गॅलरीतून आली, खालच्या टेलरची खिडकीतून.

"अहो, पण पोरीचा फोन आला तर?" बायकोने विचारलं.

"फोन कशाला? थेट तोंडच बघ की बाळाचं. आणि रिसिव्हरला हात लावू नकोस, लाइन तुटेल."

तिन्ही मोडेम एकदम किंचाळले. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, हे रडणं तिकडचं की इकडचं?"

फोटो आला. म्हणजे आधी छत आलं. मग दिव्याची नळी, मग जावयांचं बोट.

"फोटो काढणारा आपल्याच घराण्यातला दिसतो, आधी 'आणि इतर'," भालदार म्हणाले. मग काळंभोर जावळ उतरू लागलं. बायकोचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मुक्या फोनकडे बघत बसली होती.

खाली गिऱ्हाइकाला फोन करायचा म्हणून टेलरने आपली वायर काढून परत फोनला लावली, तोच तो खणखणला. पाठोपाठ जिन्यातून हाक आली, "भालदार, तुमची लेक. केव्हाची लावतेय म्हणे, तिन्ही नंबर एंगेज."

आमचा लागला नाही तर वहिनींकडे कर, नाहीतर टेलरकडे, असं लेकीला भालदारांनीच बजावलं होतं. आणि त्याच तिन्ही वाटा त्यांनी आज स्वतःच्या हातांनी अडवल्या होत्या. इतकी वर्षं दार अडवण्याचाच तर सराव.

बायको एकाच पायात चप्पल घालून जिना उतरली. वर फोटो कपाळाखाली सरकत होता. तो तसाच सोडून भालदारही मागोमाग गेले.

मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. बायको बोलली, रडली, हसली, परत पहिल्यापासून बोलली. मग तिने रिसिव्हर पुढे केला.

"बाबा, फोटो बघितलात?"

"कपाळापर्यंत बघितला, बाळा. तुझंच कपाळ आहे. पुढचं तू तोंडाने सांग. आणि सावकाश सांग, भालदार दारातून बाजूला झालाय."