शालनने कॉम्प्युटर फोडला ती दुपार

भुताखेतांवर, संकेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. मी नर्स. माणूस मरताना जवळून पाहिलाय, मेलेला कोणी उठून बसल्याचं पाहिलेलं नाही. तरीही हे लिहितेय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सांगलीत आम्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझी रूममेट शालन, कराडजवळच्या खेड्यातली, अगदी शांत मुलगी. घरी थोरला भाऊ, त्याला ती दादा म्हणायची. मला हाताने केल्याशिवाय काही कळायचं नाही. ती कानाने शिकायची. मी धडा मोठ्याने वाचायचा, तिने डोळे मिटून ऐकायचा — की झाला पाठ!

एका दुपारी सिस्टर आम्हाला एका कॉलेजात कॉम्प्युटर दाखवायला घेऊन गेल्या. खोलीभर लोखंडी कपाटं, आणि खडाखडा कागद छापणारं यंत्र.

"हा आता आपल्या नोकऱ्या खाणार," एक म्हणाली.

"बेडपॅन देता येतं का विचार त्याला!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसलो.

शालन हसली नाही. डोळे मिटून त्या खडखडाटाला कान लावून उभी होती. एकदम किंचाळली, "दादा वरडतोय! आवं बंद करा, हात गेला त्याचा!"

काही कळायच्या आत तिने लोखंडी स्टूल उचलून यंत्रावर घातलं. काच फुटली. परत घातलं... परत. तिथले सर धरायला गेले, तर तिच्या कोपराने त्यांची भुवई फुटली. मी मागून मिठी मारली, तर माझ्या दंडाला कडाडून चावली. तिचे तळहात फाटून रक्त गळत होतं. यंत्र बंद पडलं तेव्हाच ती थांबली — आणि कोसळली.

तिला हॉस्टेल सोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक भरत होती, तेवढ्यात तिचे चुलते एसटीने आले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"शाले, चल घरला. काल दुपारी गुऱ्हाळात दादाचा हात चरकात गेला. चार बोटं गेली."

"आन् दादा?"

"हाय. समदा आत वढला गेला असता... पर इंजिन आपसूक बंद पडलं. कुणी हातबी लावला नव्हता."

शालनला परत घेतलं नाहीच. पुढे औंधला तिचं लग्न झालं. गेल्या वर्षी तिच्याकडे गेले, तेव्हा तिचे दादा आलेले होते. मी म्हणाले, "तुमचं ओरडणं हिने सांगलीत ऐकलं होतं बरं का."

त्यांनी चार बोटं नसलेला हात हलवला.

"न्हाई ओ ताई. मी वरडलोच न्हाई. दातखीळ बसली हुती माझी."

मग शालनने ऐकलं ते कोणाचं...?