पहिला टेकू बाळारामकाकांचा

बाळारामकाका गेल्याची बातमी मला कुणा माणसाने दिली नाही, फोनने दिली. त्या सकाळी मी रोह्याच्या आमच्या नव्या साइटवर होते, हातात चहा होता, आणि कंपनीच्या ॲपवर लाल ठिपका आला : ‘पेण साइट. काम थांबले. कारण : इतर.’ काम थांबण्याची कारणं ॲपमध्ये आधीच ठरवून दिलेली आहेत. पाऊस, माल नाही, मजूर नाहीत, यंत्र बंद. यांत जे बसत नाही ते ‘इतर’. पंप पुन्हा अडकला असेल आणि कुणाला नीट नोंद करता आली नसेल, असं मनाशी म्हणून मी चहा संपवला. मग पेणच्या स्टोअरकीपरचा फोन आला. तो नुसता ‘मॅडम… मॅडम…’ करत होता आणि मागे कुणीतरी ओरडून माणसं मोजत होतं. सहाव्या मजल्याचा स्लॅब एका बाजूने खाली आला होता. खाली बाळारामकाका होते, एकटेच होते.

त्याला आता पाच आठवडे झाले. काका आमच्याकडे सेंट्रिंगचे मुकादम होते. स्लॅब भरण्याआधी खालून फळ्यांचा आणि लोखंडी टेकूंचा जो साचा उभा करतात, ते सेंट्रिंग. काँक्रीट आपलं वजन आपण पेलण्याइतकं पक्कं झालं की ते उतरवायचं. कधी उतरवायचं, हाच त्या धंद्यातला मोठा प्रश्न. कंपनीच्या अहवालात लिहिलं आहे की मुकादमाने परवानगी नसताना आपल्या मनाने टेकू काढले. हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. ते सांगणारच आहे. पण आधी माणसाविषयी सांगते, कारण त्या अहवालात माणूस कुठेच नाही.

चार वर्षांपूर्वी मी प्लॅनिंग इंजिनियर म्हणून टॅबची पेटी घेऊन साइटवर उतरले तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. आता कागद बंद, वह्या बंद, सगळं या काचेवर, असं मी मुकादमांना उभं करून सुनावलं. साठीकडे झुकलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला हा माणूस सगळ्यांत आधी नाक मुरडणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी पँटला बोटं पुसली, टॅब घेतला आणि नकाशा दोन बोटांनी मोठा करून बीमचं माप वाचलं. ‘ब्येस हाय. कागद भिजतो, ह्यो भिजत नाय.’ तरणे मुकादम महिनाभर कुरकुरत राहिले, काका आठवड्यात तयार झाले. मग मलाच शिकवायला लागले. ‘मॅडम, तुमच्या ह्या चित्रात जिन्याखाली टेकू दावलाय. तितं मानूस वाकून बी जात नाय. तुमी जाऊन दावा.’ मी गेले आणि डोकं आपटून परत आले. ते हसले नाहीत, पण दुपारी सगळ्या टोळीला ठाऊक झालेलं होतं. मी पेणचीच, हे कळल्यावर मॅडमची ‘बाय’ झाले आणि ‘तुमी’ची ‘तू’.

त्यांचं गाव हायवेवरच्या खांब गावापासून आतल्या अंगाला. घरची भातशेती, भातानंतर वाल. पहाटेची एसटी पकडून पेणला यायचे. थंडीत वालाच्या शेंगांची पिशवी बरोबर असायची आणि मग साइटच्या मागे पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला, मडकं पालथं घालून भोवती जाळ. मला काम एकच, पाला खुडायचं. ‘इंजिनेर हाय, तिला आगीजवळ नको,’ असं सगळ्यांसमोर म्हणायचे आणि पहिल्या शेंगा मात्र माझ्याच ओंजळीत पडायच्या.

काकांची एक रीत होती आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये बसत नव्हती. सेंट्रिंग उतरवायच्या सकाळी ते आपल्या सगळ्या माणसांना इमारतीबाहेर पाठवत. वरून डोकी मोजत. मग एकटे आत जाऊन पहिला टेकू स्वतः काढत, आणि तो काढल्यावर तिथेच कान देऊन उभे राहत. काही वेळाने हाक यायची, ‘या रं!’ तेव्हा कुठे बाकीचे वर जात. यात दर वेळी अर्धा तास जातो, हे मी त्यांना एकदा टॅबवर रंगीत तक्ता काढून दाखवलं. त्यांनी तक्ता पाहिला. ‘ज्यानं उभा केला त्यानं पयला काडायचा. खाली दुसऱ्याचं लेकरू कशाला?’ मी ॲपमध्ये त्या अर्ध्या तासाला ‘तयारी’ असं नाव देऊन टाकलं.

मागच्या पावसाळ्यानंतर सेन्सर आले. काडेपेटीएवढी डबी सळ्यांना बांधून काँक्रीटमध्येच गाडून टाकायची. ती आतली ऊब मोजत राहते आणि त्यावरून सॉफ्टवेअर ताकदीचा अंदाज काढतं. ताकद पुरेशी झाली की टॅबवर त्या मजल्याचा चौकोन हिरवा. काका मोठ्या स्लॅबला चौदा दिवस थांबायचे, आता सातव्या दिवशीच हिरवं येऊ लागलं. मुख्य ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर सगळ्या साइट दिसतात, आणि त्यात आमची पेण साइट सगळ्यांत हिरवी. मॅनेजरसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. माझेही नव्हते. यंत्र खोटं बोलत होतं असं मात्र मी आजही म्हणणार नाही. काकांनी पहिले काही स्लॅब हातोडीने ठोकून, खिळ्याने ओरखडून स्वतः ताडून पाहिले आणि ‘बराबर सांगतंय’ असं कबूल केलं. त्यांनी प्रश्न एकच विचारला. ‘ह्याला माल कंचा हाय त्ये कोन सांगतं?’

‘मी सांगते, काका.’

‘मंग ठीक हाय,’ म्हणाले.

पाचव्या मजल्यानंतर काँक्रीटचा प्लांट बदलला. नव्या मालात सिमेंटऐवजी घालतात ती राख जास्त होती. असा माल वाईट नसतो, पण तो सावकाश ताकद धरतो, थंडीत तर आणखी सावकाश. हे सॉफ्टवेअरला सांगायचं तर नव्या मालाचे नमुन्याचे ठोकळे टाकायचे, ठरावीक दिवसांनी फोडून पाहायचे आणि नवे आकडे भरायचे. महिना तरी गेला असता. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘ग्रेड तीच आहे ना? मग जुने आकडे चालू ठेवा. ठोकळे मागाहून टाकू.’ मी चालू ठेवले. मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी तेच शिकले आहे आणि परीक्षेत त्यावर लिहिलंही आहे.

सहावा स्लॅब भरल्याच्या तिसऱ्या दिवशी काका ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. ‘बाय, माल बदललाय. खिळा अजून रुततोय.’ मी म्हटलं, थंडी आहे काका, होईल. ते गेले. आठवडा भरला त्या दुपारी चौकोन हिरवा झाला आणि पाठोपाठ मॅनेजरसाहेबांचा फोन, मंजुरी कुठे अडकली म्हणून. मंजुरी माझ्याकडेच अडकली होती. खिडकीतून काका दिसत होते, वाळूच्या ढिगापाशी कुणाशी तरी बोलत होते. हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. मी बटण दाबलं. त्यांच्या फोनवर निरोप गेला : ‘मंजूर. उद्या सकाळी सुरू करा.’ सुरू केलं नाही तर उशिराची नोंद मुकादमाच्या नावावर चढते, आणि तशा नोंदी साठल्या की टोळीच बदलली जाते. चाळीस माणसं त्यांच्या भरवशावर होती.

संध्याकाळी फाटकापाशी भेटले. ‘बाय, तूच दिलंस ना?’

‘हो.’

‘वर जाऊन बघितलंस?’

‘काका, हिरवं आलंय.’

ते ‘बरं’ म्हणाले आणि एसटीच्या दिशेने चालू लागले. रागावले असते तर मी भांडले असते. भांडता भांडता कदाचित वर जाऊन पाहिलंही असतं. त्यांनी फक्त ‘बरं’ म्हटलं आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांना बाहेर काढून पहिला टेकू काढायला आत गेले. त्या रिवाजामुळे चाळीस माणसं आज आपापल्या घरी आहेत.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी टॅब उघडला. सहाव्या मजल्याच्या नोंदीत माझी मंजुरी नव्हती. तिथे लिहिलं होतं, ‘मंजुरी प्रलंबित’. म्हणजे परवानगी आलीच नव्हती आणि म्हाताऱ्याने आगाऊपणा केला. काकांचा फोन त्यांच्याबरोबर ढिगाऱ्यात चिरडला होता. नोंद कुणी बदलली हे मी विचारलं नाही. का विचारलं नाही, तेही सांगून टाकते. ते दोन शब्द वाचल्यावर मला पहिल्यांदा दुःख झालं नाही, रागही आला नाही. सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, आणि आल्यावरही मी गप्पच बसले. चौकशीला आलेल्या सरकारी माणसाने टॅबच्या पडद्याचा फोटो काढला तेव्हा टॅब मीच धरला होता. सहा दिवसांनी साइट पुन्हा सुरू झाली, ती नोंदही माझीच. अहवालाखाली इतरांबरोबर माझी सही आहे.

गेल्या रविवारी मी खांबला उतरून काकांच्या घरी गेले. चार वर्षांत त्यांनी दहा वेळा बोलावलं होतं, मी पहिल्यांदाच जात होते. सुनंदाकाकींनी मला कधी पाहिलं नव्हतं, तरी दारातूनच म्हणाल्या, ‘पाला खुडनारी बाय ना गो तू?’ आणि ओटीवर बसवून कोरा चहा आणला. त्या रडल्या नाहीत. त्यांना एकच गोष्ट खात होती. ‘गावात बोलतात, म्हातारा घाईला आला. ह्यांनी जल्मात कदी घाई केली नाय गो. जेवताना बी नाय. कागदावं लिवलंय म्हनं, मनानंच काडलं. नातवाला शाळंत पोरं तेच बोलतात.’

मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. तिथे दिनदर्शिका होती, मागच्याच महिन्याचं पान. काकींनी उलटलं नव्हतं. एका तारखेवर निळ्या पेनाने फुली होती आणि पुढे आणखी एका तारखेभोवती गोल. काकींनी माझी नजर पाहिली. ‘दर महिन्याला अशाच खुना करायचे. मी इचारलं नाय कदी. हा गोल कसला गो बाय?’

मी उठून जवळ गेले. फुली सहावा स्लॅब भरला त्या दिवसावर होती. तिथून मी बोटाने मोजत गेले. सातवा दिवस कोरा. आठवा, ज्या दिवशी ते गेले, कोरा. चौदाव्या दिवसाभोवती गोल होता. त्या तारखेला मी पेणच्या ऑफिसात बसून साइट पुन्हा सुरू झाल्याची नोंद करत होते…

‘काकी, ह्या दिवशी त्यांना टेकू काढायचे होते,’ मी म्हटलं. ‘त्यांनी घाई केली नाही. परवानगी मी दिली. त्यांनी मला सांगितलं होतं, तरी दिली. कागदावरून ती आता पुसलेली आहे.’

काकींनी कप उचलले आणि त्या आत गेल्या. मोरीत पाणी पडत राहिलं. बऱ्याच वेळाने पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी म्हटलं, हे पान मला द्या, मी चौकशीच्या सरकारी साहेबांपुढे ठेवते. त्यांनी मान हलवली. ‘नाय. त्यांचं त्यांनी लिवून ठेवलंय, त्ये हितंच ऱ्हाईल. साहेबाला बगायचं असंल तर हितं यील. तू तुजं लिवून दे.’

सोमवारी मी लिहून दिलं, सरकारी साहेबांना आणि एक प्रत कंपनीला. माल बदलल्याचं, जुन्या आकड्यांचं, मंजुरीचं आणि ‘प्रलंबित’चंही. त्याच दुपारी माझं लॉगिन बंद झालं, आता टॅबवर मला काहीच दिसत नाही. त्याआधी पाहिलं होतं ते एवढंच की बाजूच्या विंगचा स्लॅब त्याच मालाने, त्याच जुन्या आकड्यांवर भरला आहे आणि त्याचा चौकोन पिवळा आहे, सातव्या दिवशी तो हिरवा होणार. त्या स्लॅबखाली नवा मुकादम आहे. पहिला टेकू काढताना तो बाकीच्यांना बाहेर पाठवतो की नाही, मला माहीत नाही. त्याला मी फोन केला, त्याने उचलला नाही. साहेबांच्या ऑफिसातून उत्तर आलं की अर्ज पोचला.

रविवारी निघताना काकींनी विचारलं होतं, आता पुढं तिकडं काय चाललंय. मी या स्लॅबचं सांगितलं. त्या आत जाऊन काकांचं निळं पेन घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं. त्यांनी स्वतःच्या हाताने पान उलटलं. नव्या पानावर, स्लॅब भरला त्या तारखेवर, मी फुली मारली आणि चौदा दिवस मोजून गोल केला. तो दिवस अजून आलेला नाही.