भाज्याच्या डोंगरात ऐकलेली लढाई

मी दातांची डॉक्टर आहे, लोणावळ्यात माझं क्लिनिक आहे. भूतबित, अंगात येणं असले विषय घरात निघाले की मी उठून जाते. त्यामुळे हे लिहावं की नाही यातच बरेच दिवस गेले... हसायचं असेल तर हसा, पण आधी पूर्ण वाचा.

आमची वरची खोली आम्ही योगाच्या कोर्सला येणाऱ्या परदेशी मुलींना भाड्याने देतो. गेल्या हिवाळ्यात तिथे शिलान राहायला आली. तुर्कस्तानातली, पण कुणी तुर्की म्हटलं की लगेच म्हणायची, "नाही ताई, मी कुर्द." तिचा धाकटा भाऊ बारान घर सोडून डोंगरात लढणाऱ्या कुर्द बंडखोरांना जाऊन मिळाला होता. ते लोक गुहांमध्ये राहायचे आणि तिथूनच सरकारी फौजेशी लढायचे. कित्येक महिने त्याचा काही निरोप नव्हता. शिलान सारखी मोबाईलवर बातम्या बघायची आणि पुष्कळदा ताटावरून तशीच उठायची.

तिचं मन जरा रमावं म्हणून एका दुपारी मी तिला भाज्याची लेणी बघायला घेऊन गेले. लेणी बघून झाल्यावर आम्ही विसापूरच्या वाटेने थोडं पुढे गेलो. तिथे कातळात एक साधीच गुहा आहे — कोरीवकाम नाही, जेमतेम दोन खाटा मावतील एवढी. बाहेर उभं राहिलं तरी मागची भिंत दिसते. जवळच गावातल्या एक मावशी शेळ्या चारत होत्या.

शिलान आत गेली. मी बाहेर पाणी पीत उभी होते, तेवढ्यात पायाखाली धप्प झालं. मला वाटलं, एक्सप्रेसवेच्या बाजूला कुठेतरी सुरुंग लावला असेल. पुन्हा तसंच झालं आणि गुहेतून धूळ बाहेर आली. मग धूर... जळक्या रबरासारखा, घशाला झोंबणारा.

"म्याडम," मावशी म्हणाल्या, "आत कोन कोन हाय वो? लय जनं खोकत्यात."

"एकटीच आहे ती, मावशी."

"न्हाई वो. गडीमानसं हायती."

मलाही ऐकू येत होतं. मी आत धावले.

मागची भिंत नव्हती.

तिथे नुसता काळोख होता, आत आत जाणारा. मोबाईलचा टॉर्च लावला, तर उजेड कशावर टेकेचना. आतून गोळ्यांचे आवाज, कुणाचं तरी कण्हणं, आणि लांब कुठेतरी भोंग्यावरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा, दरडावून — मला न कळणाऱ्या भाषेत. शिलान त्या काळोखाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसून "बारान! बारान!" अशा हाका मारत होती. मी तिचा दंड धरून ओढलं, पण ती जागची हलेना.

"ताई, ते शरण या म्हणतायत. तो आत आहे. त्याला वाट सापडत नाहीये!"

मला पळून जायचं होतं. आणि तरी... का ते मला सांगता येत नाही, पण मीही तिच्याबरोबर गळा फाटेपर्यंत ओरडायला लागले — "इकडे! इकडे ये! इकडे!"

मोठा धमाका झाला. मी शिलानला घट्ट मिठी मारली आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोर भिंत होती. हात लावून बघितला. थंडगार दगड. मावशी गुहेच्या तोंडाशी पदर नाकाला लावून उभ्या होत्या. "चला बायांनो, आधी भायेर चला," एवढंच म्हणाल्या. आम्हा दोघींच्या केसांत राखाडी भुकटी होती. गुहेच्या जमिनीवर मात्र काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. सरकारी फौजेने बंडखोरांची एक गुहा वेढून उडवून दिली होती. तुकडी बारानची होती. कुणीही वाचलं नाही असं बातमीत होतं. शिलान रडली नाही. "तो बाहेर आलाय," एवढंच म्हणत राहिली. मला वाटलं, धक्क्याने बोलतेय.

काही आठवड्यांनी बारानचा व्हिडिओ कॉल आला. सीमेपलीकडच्या कुठल्याशा गावातून, खांद्याला बँडेज. तो सांगत होता आणि शिलान मला इंग्रजीत समजावत होती. धुरात काही दिसत नव्हतं, तेवढ्यात बहिणीची हाक ऐकू आली. हाकेच्या रोखाने तो रांगत गेला. तिच्याबरोबर आणखी एक बाई ओरडत होती, असं म्हणून तो स्क्रीनमधून माझ्याकडे बघत अडखळत बोलला, "इक-डे." मग विचारलं, याचा अर्थ काय?

शिलानने त्याला अर्थ सांगितला, आणि आम्ही इथल्या कुठल्या गुहेतून हाका मारत होतो तेही.

माझे मिस्टर म्हणतात, बंद जागेतल्या धुराने भास झाला असेल. असेल. पण मग हा शब्द त्याच्यापर्यंत कसा गेला? आणि मावशींनी काय ऐकलं?

त्या कॉलच्या शेवटी बारानने शिलानला आणखी काहीतरी विचारलं. ते तिने मला लगेच सांगितलं नाही. मी बराच आग्रह केला तेव्हा बोलली. तो कातळातल्या एका फटीतून त्यांच्याच डोंगरावर बाहेर पडला होता. त्याचे सोबती त्याच्या मागोमागच रांगत होते, पण त्या फटीतून कुणीच आलं नाही.

"ताई, तो विचारतोय... बाकीचे तुमच्या बाजूने बाहेर पडले का?"

या प्रश्नाचं उत्तर त्याला आम्ही अजून दिलेलं नाही. आणि भाज्याच्या त्या गुहेत जाऊन बघायची माझी हिंमत होत नाही.