म्या गंगू न्हाय

तवा तिथं कोण कोण व्हतं ते आधी सांगते. डॉक्टरसाहेब. सोलापूरची सिस्टरबाई. चपराशी रहीमचाचा. माझ्यासंगं दाईचं काम शिकणारी फातिमाबी. बाकावर तपासायला आलेल्या बाया. आन अणदूरहून मोटारीनं आलेली माझी आई, भाकरीचं फडकं मांडीवर घिऊन.

आईनं इचारलं, "सायेब, माझी सोना कुठाय?"

डॉक्टर हसले. "सोना नाही, बाई. इथं सगळ्या गंगू. ए गंगू!"

म्या "जी" म्हणून भाईर आले. हातात घाणीची बादली.

आई माझ्या तोंडाकडं बघत राह्यली. "ह्ये कुणाचं नाव गं?"

म्या बादली दुसऱ्या हातात घितली.

रझाकारी सरून काही वरसं झाली व्हती. सरकारी दवाखान्यात बायांना बाळंतपणाचं काम शिकवायचे. शिकून झालं का गावात नोकरी. नवरा मेलेला. सासरच्यांनी हाकललेलं. भावजय रोज टोचायची. माझा सगळा जीव त्या नोकरीत. आन कोण शिकली, कोण न्हाय, ह्ये ठरवणार डॉक्टर.

तिथली पैली आया गंगू व्हती. ती गेली, नाव ठिवून गेली. मग जी येईल ती गंगू. फातिमाबी थोरली गंगू, म्या धाकली. फातिमाबी म्हणायची, "अल्ला मला वळखायचा न्हाय गं आता." आमी हसायचो. हसता हसता ते नाव अंगाला चिकटलं.

आई आली त्या दिशी बादली खाली ठिवली. म्हणलं, "सायेब, माझं नाव सोना. सोना म्हणा."

सिस्टरबाई डोळ्यानं खुणवायली, बोलू नको म्हणून.

डॉक्टर म्हणले, "अगं, लग्नात तुमचं नाव बदलतंच की. तेव्हा नाही बोलत. मी बदललं तर लगेच तोंड फुटलं?"

बाकावरच्या बाया हसल्या. त्यांचीबी नावं बदललेलीच.

खरंच व्हतं ते. लग्नात तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिवलं. मला कुठं वाचता येतंय? नणंदेनं सांगितलं तवा कळलं, आता म्या कोण ते. कुणीबी येतंय, नाव ठिवतंय, आन म्या जी म्हणतीय.

म्हणलं, "तवा मला कुणी इचारलं न्हाय. तुमीबी न्हाय इचारलं."

"मग जा घरी. दुसरी गंगू मिळेल मला."

आई उठली. वाटलं, चल म्हणती. तिनं फडकं माझ्या हातात दिलं. "खाऊन घे, सोने. आन कामाला लाग." डॉक्टराला ऐकू जाईल असं म्हणली.

म्या गेले न्हाय. पण गंगू म्हणून हाक आली का हालायचं न्हाय. डॉक्टर वरडायचे, म्या भिताडाकडं बघत हुबी. बाळंतिणीच्या खोलीत पाय ठिवू दिला न्हाय मग. नुसती फरशी धुतली. शेवटी "ही शिकली नाही" म्हणून काढून टाकलं. फातिमाबी गंगू राह्यली, तिला नोकरी मिळाली. तिचा राग न्हाय. तिला लेकरं व्हती.

म्या खुरपलं, खडी फोडली. पण मुकादमाला पैल्या दिशीच नाव सांगायचे. सासरचं न्हाय, आईनं ठिवलेलं. दुसऱ्या हाकेला हालत न्हाय म्हणून लई जणांनी हाकललं. ती नोकरी आठवली का आजबी जीव ठिकाणावर ऱ्हात न्हाय. पण मरस्तोवर दुसऱ्या नावाला जी म्हणणार न्हाय.

भावाची नात ह्ये लिवून घेतीय. वाचणाऱ्याला येकच मागणं. तुमच्या घरी भांडी घासायला, हापिसात झाडायला बाई येती. तिला तिचं नाव इचारा. आन त्याच नावानं हाक मारा.